सुई का थरथरते? टोनआर्म डॅम्पिंगचं गणित आणि तेलाचे चार थेंब

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कापलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आज विषय थोडा किचकट आहे, पण हातात घेतला की मजा येते. टोनआर्मचं डॅम्पिंग.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता, तिथूनच सुरू करतो. त्याला घरातल्या मोठ्यांकडून टेक्निक्स एसएल-१२०० मार्क टू मिळालाय. त्यावर त्याने नवी ऑर्टोफॉन टूएम रेड कार्ट्रिज लावली. नव्या रेकॉर्ड मस्त वाजतात. पण माळ्यावरून काढलेली नाट्यसंगीताची एक जुनी एलपी लावली की स्पीकरचा वूफर आत-बाहेर हलतो, आवाज कुठेच नसताना. दोन ठिकाणी सुई उडी मारते. दुकानदार म्हणाला, सिलिकॉन डॅम्पर बसवून घ्या. श्रोत्याचा प्रश्न सरळ आहे: पैसे घालू का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: लगेच नको. आधी तीन गोष्टी तपासायच्या, डॅम्पर चौथी. का, ते आज बघू. यात फक्त पैशाचा प्रश्न नाहीये. सुई ग्रूव्हमध्ये नीट बसली नाही, तर ती भिंतींवर आपटते आणि प्लास्टिक कायमचं खरवडलं जातं. नवी रेकॉर्ड पुन्हा मिळेल. माळ्यावरच्या एलपीची दुसरी कॉपी मिळेलच असं नाही.

स्प्रिंगला टांगलेलं वजन

कार्ट्रिजच्या खाली जी बारीक दांडी दिसते, ती कँटिलिव्हर. तिच्या टोकाला हिऱ्याची सुई, म्हणजे स्टायलस. कँटिलिव्हरचं मागचं टोक एका छोट्या रबरात बसवलेलं असतं. हे रबर म्हणजे स्प्रिंग. वर कार्ट्रिजची बॉडी, हेडशेल आणि अख्खा आर्म, हे झालं वजन. म्हणजे स्प्रिंगवर बसलेलं वजन. फिजिक्सच्या पुस्तकातलं तेच जुनं चित्र.

अशा प्रत्येक जोडीची एक स्वतःची लय असते. झोपाळा आठवा. त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, लय सोडून कितीही जोर लावा, नुसती दमछाक. या लयीला म्हणायचं रेझोनन्स फ्रिक्वेन्सी.

ती काढायचं सूत्र सोपं आहे. एकूण वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला कॉम्प्लायन्सने गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्या आकड्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये. कॉम्प्लायन्स म्हणजे रबर किती मऊ आहे याचं माप: एक मिलिन्यूटन जोर लावला, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम वजनाइतका, तर सुई किती मायक्रोमीटर सरकते.

आपल्या श्रोत्याचा सेट घेऊ. टेक्निक्सच्या आर्मचा इफेक्टिव्ह मास १२ ग्रॅम. टूएम रेडचं वजन ७.२ ग्रॅम. स्क्रू-नटचे ०.८ धरू. झाले २० ग्रॅम. टूएम रेडचा डायनॅमिक कॉम्प्लायन्स २०. वीस गुणिले वीस चारशे, वर्गमूळ वीस. १५९ भागिले २०, म्हणजे जवळपास ८ हर्ट्झ.

हा आकडा चांगला की वाईट? दोन्ही बाजूंचे शेजारी बघा. वरच्या बाजूला संगीत, ते २० हर्ट्झपासून पुढे. खालच्या बाजूला रेकॉर्डचं वाकणं. ३३.३३ आरपीएमला रेकॉर्ड सेकंदाला ०.५५ वेळा फिरते, म्हणजे एका फेरीत एकदा येणारा मोठा बाक ०.५५ हर्ट्झचा. पण रेकॉर्ड इतकी शिस्तीत वाकत नाही. छोटे-छोटे उंचवटे असतात, ते २, ४, ६ हर्ट्झपर्यंत हालचाल देतात. घरात कोणी चालतंय, कपाट हलतंय, त्याचीही ऊर्जा बरीचशी याच भागात. म्हणून रेझोनन्स दोघांच्या मध्ये, ८ ते १२ हर्ट्झमध्ये बसवायचा असा सर्वमान्य ठोकताळा आहे. आपल्या श्रोत्याचा सेट अगदी खालच्या उंबरठ्यावर आहे. सपाट रेकॉर्डवर काही कळणार नाही. वाकलेली लावली की थरथर सुरू.

एक सावधगिरी. जपानी कार्ट्रिजचा कॉम्प्लायन्स बऱ्याचदा १०० हर्ट्झवर मोजलेला असतो. डेनॉन डीएल-१०३ चा आकडा ५ दिसतो, तो तसाच सूत्रात घातला तर याच आर्मवर १५ हर्ट्झच्या वर उत्तर येतं आणि माणूस घाबरतो. १० हर्ट्झला तेच रबर जास्त मऊ वागतं, साधारण दीड ते दोन पट धरतात. मग उत्तर येतं ११ ते साडेबारा. म्हणजे ठीकच आहे की! स्पेक शीट वाचताना कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आकडा आहे ते बघायचं.

इअरफोनवर हे ऐकू का येत नाही

तुमच्यातले बहुतेक जण हे फोनवर ऐकताय. मी आत्ता ८ हर्ट्झचा टोन वाजवला तरी तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. कानाची हद्द २० हर्ट्झला संपते. म्हणूनच हा प्रॉब्लेम लपून राहतो. तो थेट ऐकू येत नाही, त्याचे परिणाम ऐकू येतात. लांब सूर किंचित डगमगतो. तंबोऱ्याची जोड सतत सारखी हवी, ती हलल्यासारखी वाटते. वूफर उगाच हेलकावे खातो आणि त्यात ॲम्प्लिफायरची ताकद वाया जाते.

आणि फोनो प्रीॲम्प यात तेल ओततो. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो, आरआयएए कर्व्हप्रमाणे. वाजवताना प्रीॲम्प तो परत वाढवतो. १,००० हर्ट्झच्या तुलनेत खालच्या टोकाला जवळपास २० डेसिबल, म्हणजे दहापट. सुईची नको असलेली थरथरही त्याच बरोबर दहापट होते.

मग काही जण म्हणतात, सबसॉनिक फिल्टर लावा. लावा, जरूर लावा, वूफर वाचेल. पण फिल्टर सुईच्या पुढे आहे, वायरमध्ये. ग्रूव्हमध्ये सुई जी आपटतेय ती आपटतच राहणार. रेकॉर्डला त्याचा उपयोग शून्य.

डॅम्पिंग म्हणजे नेमकं काय

बाइकचा शॉकॲब्झॉर्बर घ्या. आत स्प्रिंग आहे आणि तेल आहे. तेल संपलं की काय होतं माहितीये: एका स्पीडब्रेकरवर गाडी पुढची चार घरं उड्या मारत जाते. स्प्रिंग धक्का सोसते, तेल ती उडी थांबवते. आर्मचंही तेच.

थोडं डॅम्पिंग कार्ट्रिजच्या रबरातच असतं. त्याहून जास्त हवं असेल तर बाहेरून द्यायचं. सगळ्यात प्रचलित पद्धत म्हणजे आर्मच्या बुडाशी एक छोटी पन्हळ, तिच्यात घट्ट सिलिकॉन तेल, काकवीसारखं, आणि आर्मला लावलेली एक पट्टी त्या तेलात बुडालेली. आर्म हळू सरकला तर तेल वाट देतं, झटक्यात हलला तर अडवतं. ब्रिटिश कंपनी एसएमईच्या आर्म्सवर ही सोय प्रसिद्ध आहे. टेक्निक्ससाठीही बाहेरून बसवायचे किट मिळतात. वेल टेम्पर्डच्या काही आर्म्समध्ये तर चक्क गोल्फचा चेंडू सिलिकॉन तेलात लटकवलेला असतो, तोच बेअरिंग आणि तोच डॅम्पर.

आता मुख्य मुद्दा. इथे जरा लक्ष द्या.

ती पन्हळ कशाला जोडलेली आहे? टर्नटेबलच्या बॉडीला. रेकॉर्डला नाही. म्हणजे तेल आर्मला सांगतंय, 'जागेवरून हलू नकोस.' पण वाकलेली रेकॉर्ड आर्मला सांगतेय, 'माझ्याबरोबर वर ये.' या दोघांच्या ओढाताणीत मार कोण खातं? ती बारीक कँटिलिव्हर. रेकॉर्ड वर येते, आर्म तेलात अडकलेला, मध्ये सुई दाबली जाते. बाक खाली गेला की आर्म वरच राहतो आणि सुईवरचा दाब कमी होतो.

मी याचं एक साधं मॉडेल पायथनमध्ये लिहिलं. ऑफिसमध्ये सर्व्हरचे ग्राफ बघतो, घरी सुईचे. आपलाच सेट: २० ग्रॅम, कॉम्प्लायन्स २०, रेझोनन्स ८ हर्ट्झ. रबराचं स्वतःचं डॅम्पिंग मध्यम धरलं, डॅम्पिंग रेशो ०.१. रेकॉर्डला एका फेरीत वर-खाली मिळून २ मिलिमीटरचा बाक. मग तीन केसेस चालवल्या.

पहिली, तेल नाही. ८ हर्ट्झची हालचाल कँटिलिव्हरवर ५ पट होते. पण त्या मोठ्या संथ बाकावर सुईचा दाब फक्त ०.०२ ग्रॅमने बदलतो. काहीच नाही.

दुसरी, थोडं तेल, रेशोमध्ये ०.१५ ची भर. ८ हर्ट्झचा गुणाकार ५ वरून जवळपास २ वर आला. संथ बाकावर दाबाचा बदल ०.१ ग्रॅम. चालेल.

तिसरी, भरपूर तेल, ०.५ ची भर. गुणाकार १.२ वर आला, म्हणजे उडी जवळजवळ गायब. पण संथ बाकावर दाब ०.३५ ग्रॅमने कमी-जास्त व्हायला लागला. टूएम रेडचा शिफारस केलेला ट्रॅकिंग फोर्स १.८ ग्रॅम. त्यात ०.३५, म्हणजे वीस टक्के, प्रत्येक फेरीला दोन्हीकडे.

आकडे मॉडेलचे आहेत, तुमच्या घरचे थोडे वेगळे येतील. पण आकार तोच राहतो. पहिल्या थोड्या तेलाने निम्म्याहून जास्त फायदा मिळतो आणि किंमत कमी पडते. त्यानंतर फायदा आटत जातो, किंमत वाढत जाते. आणि गंमत म्हणजे ज्या वाकलेल्या रेकॉर्डसाठी आपण डॅम्पर बसवला, तिलाच जास्तीच्या तेलाचा त्रास होतो. ४ हर्ट्झचा उंचवटासुद्धा मॉडेलमध्ये भरपूर तेलाने सुधारत नाही, थोडा बिघडतोच. डॅम्पिंगचा फायदा रेझोनन्सच्या आसपासच आहे.

याला एक हुशार तोड १९७८ मध्ये आली होती. शूअरच्या व्ही-१५ टाइप फोर कार्ट्रिजला पुढे एक छोटा ब्रश होता, त्याच्या बिजागरीत घट्ट द्रव. तो ब्रश रेकॉर्डवर टेकून चालायचा. म्हणजे डॅम्पर बॉडीला न जोडता थेट रेकॉर्डला जोडला! रेकॉर्ड वर गेली की ब्रशही वर, त्यामुळे आर्मला जागेवर धरून ठेवायचा प्रश्नच नाही. शिवाय धूळही झाडली जायची. शूअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केलं, पण ती कल्पना मला आजही सगळ्यात साफ वाटते.

आधी या तीन गोष्टी

आता हाताने करायचं काम. क्रम महत्त्वाचा.

एक: बेसिक सेटिंग. टर्नटेबल लेव्हलमध्ये आहे का? मोबाइलमधलं लेव्हल ॲप चालतं, पण आधी फोन टेबलावर उलटसुलट फिरवून ॲपच तपासा. ट्रॅकिंग फोर्स डिजिटल काट्यावर मोजा. हेडशेलचे स्क्रू घट्ट आहेत का? आर्मचं बेअरिंग बोटाने अगदी हलकेच हलवून बघा, खटखट नको. सैल बेअरिंगवर तेलाचा इलाज करू नका.

दोन: टर्नटेबल कशावर ठेवलाय? आपल्याकडे सिमेंटचे स्लॅब असतात, त्यामुळे लाकडी जमिनीच्या घरांसारखा पावलांचा त्रास तेवढा होत नाही. पण डगमगतं टीव्ही युनिट, त्यावर टर्नटेबल आणि शेजारीच स्पीकर, हे चित्र मी खूप घरांत पाहिलंय. स्पीकर त्या युनिटवरून उतरवा. भिंतीत पक्की फळी ठोकली तर उत्तम. याचा खर्च डॅम्परपेक्षा कमी आणि फायदा बऱ्याचदा जास्त.

तीन: वजन जुळवा. रेझोनन्स ८ च्या खाली असेल तर वजन कमी करा, म्हणजे हलका हेडशेल, स्टीलऐवजी ॲल्युमिनियमचे स्क्रू. १२ च्या वर असेल तर जड हेडशेल. आपल्या श्रोत्याने ३ ग्रॅम जरी कमी केले, तर १७ गुणिले २० म्हणजे ३४०, वर्गमूळ १८.४, रेझोनन्स ८.६ हर्ट्झ. आकडा छोटा वाटेल, पण उंबरठ्यावरून तो घरात आला.

मग मोजा

टेस्ट रेकॉर्ड असेल तर सोपं. हाय-फाय न्यूजच्या टेस्ट एलपीवर यासाठी खास ट्रॅक आहेत, आडव्या आणि उभ्या हालचालीसाठी वेगवेगळे. फ्रिक्वेन्सी उतरत जाते आणि एका ठिकाणी कार्ट्रिज डोळ्यांना दिसेल अशी थरथरते. तो तुमचा रेझोनन्स.

टेस्ट रेकॉर्ड नसेल तर लॅपटॉप घ्या. फोनो प्रीॲम्पचं आउटपुट लाइन-इनला जोडा, सबसॉनिक फिल्टर बंद ठेवा, आणि गाणं सुरू होण्याआधीची किंवा दोन गाण्यांमधली शांत ग्रूव्ह ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड करा. मग स्पेक्ट्रम काढा, विंडो ६५,५३६ ची. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला प्रत्येक घर ०.६७ हर्ट्झचं पडतं, आपल्या कामाला पुरेसं. ६ ते १४ च्या मध्ये उंचवटा दिसेल. साउंडकार्ड खालच्या फ्रिक्वेन्सी थोड्या दाबतं, त्यामुळे उंचीच्या आकड्यावर विसंबू नका. आधी आणि नंतर, दोन ग्राफ शेजारी ठेवा, फरक बघा.

आणि तिसरं साधन तुमच्या हातातच आहे. फोनचा स्लो मोशन कॅमेरा! २४० फ्रेम्सवर ८ हर्ट्झच्या एका हेलकाव्याच्या ३० फ्रेम्स मिळतात. फोन स्टँडवर लावा, सुईच्या समोरून, बॉडी आणि कँटिलिव्हर दोन्ही दिसतील असा. सगळ्यात वाकडी रेकॉर्ड लावा, पहिल्या गाण्यावर, कारण बाक बाहेरच्या कडेला सर्वांत जास्त असतो. बघायचं काय? कार्ट्रिजच्या पोटातून सुई किती आत-बाहेर होते ते. बॉडी आणि सुई एकत्र वर-खाली झाली तर छान. बॉडी भराभर नाचतेय तर डॅम्पिंग कमी. आणि बॉडी आळशासारखी मागे राहतेय, सुई बाकाबरोबर पोटात घुसतेय आणि बाहेर येतेय, तर डॅम्पिंग जास्त.

शेवटी तेल

इतकं करूनही थरथर उरली, तर डॅम्पर. तेव्हा मी स्वतः म्हणेन, घ्या.

सिलिकॉन तेलाचा घट्टपणा सेंटिस्टोक्समध्ये मोजतात. किटबरोबर येणारंच तेल आधी वापरा, कारण पन्हळ आणि पट्टीचं माप त्याच्याशी जुळवलेलं असतं. पट्टी आर्मच्या पिव्हटपासून किती लांब आहे याला फार महत्त्व आहे. सुईपाशी जाणवणारं डॅम्पिंग त्या अंतराच्या वर्गाने बदलतं. २३० मिलिमीटरच्या आर्मवर पट्टी पिव्हटपासून ४६ वर असेल, म्हणजे पाचव्या हिश्शावर, तर परिणाम पंचविसावा हिस्सा. म्हणून पिव्हटजवळच्या पन्हळीला घट्ट तेल लागतं. तेच तेल हेडशेलजवळ वापरलं तर आर्म जाम होईल.

पद्धत अशी. ट्रॅकिंग फोर्स आणि अँटिस्केटिंग तेल घालण्याआधी पक्कं करा. तेलात आर्म इतका सावकाश हलतो की नंतर अंदाज येत नाही. मग इतकंच तेल घाला की पट्टीचं टोक जेमतेम बुडेल. अर्धा तास थांबा, तेल सपाट होऊ द्या. फोर्स पुन्हा मोजा, काट्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. मग तीच वाकडी रेकॉर्ड, तोच कॅमेरा, तोच ग्राफ. गरज असेल तर अजून थोडं. प्रत्येक वेळी एकच बदल. कोड डीबग करताना जसं आपण करतो, तसंच.

थांबायचं कुठे? उंचवटा स्पष्ट खाली आला आणि सुईचं पोटात घुसणं अजून वाढलेलं नाही, तिथे. वाढायला लागलं की एक पायरी मागे. कानाला पूर्ण 'शांत' वाटेपर्यंत तेल ओतायचा मोह होतो, तो टाळा.

अजून दोन सूचना. हे तेल सांडलं तर निघता निघत नाही, साध्या आयपीएने तर नीट निघतच नाही. खाली जुना कपडा टाका, सिरिंजने घाला, बोटं पुसूनच रेकॉर्डला हात लावा. आणि टर्नटेबल हलवायचा असेल, घर बदलायचं असेल, तर आधी पन्हळ रिकामी करा.

तर मित्रा, तुझ्यासाठी: स्पीकर त्या युनिटवरून उतरव, हलका हेडशेल लाव, आणि स्लो मोशन व्हिडिओ काढ. उडी थांबली तर डॅम्परचे पैसे वाचले, त्यात रेकॉर्ड घे. नाही थांबली तर डॅम्पर घे, पण पट्टी टोकापुरतीच बुडव. आणि तोपर्यंत ती नाट्यसंगीताची एलपी लावू नकोस, प्लीज. टेस्टिंगला एखादी वाकडी, टाकाऊ रेकॉर्ड जुन्या बाजारातून आण.

बाकीच्यांनी आपापल्या आर्मचा आणि कार्ट्रिजचा आकडा काढून कळवा. आर्मचा इफेक्टिव्ह मास सापडत नसेल तर मॉडेल लिहा, आपण मिळून शोधू. पुढच्या भागात फोनो प्रीॲम्पचं लोडिंग, तेही गणितासकट. भेटूच!